विलानेल : 'मध्ययुगीन' नियमाचं खरं वय

विलानेल म्हणजे १९ ओळींची कविता: पाच त्रिपदी, म्हणजे तीन ओळींची कडवी, शेवटी चार ओळींचं एक कडवं, आणि आलटूनपालटून येणारी दोन पालुपदं. या नियमांना 'मध्ययुगीन फ्रेंच' हे बिरूद अजूनही सर्रास चिकटवलं जातं. हे वय बरंच फुगवलेलं आहे.

सोळाव्या शतकात हा शब्द इटलीतून फ्रान्समध्ये आला तो गाण्यांबरोबर. 'विलानो' म्हणजे खेडूत. मेंढपाळाच्या तोंडी शोभेल असं गाणं, एवढाच अर्थ. किती ओळींचं कडवं, कसलं यमक, हे ज्याचं त्यानं ठरवावं. १५८८ मध्ये ब्ल्वाच्या किल्ल्यात एका बड्या ड्यूकची हत्या झाली. त्याच्या थोडं आधी तो एक विलानेल गुणगुणत होता, अशी आख्यायिका आहे. त्या गाण्याची कडवी आठ ओळींची होती!

त्याच पिढीतल्या पॅरिसच्या एका प्राध्यापक-कवीनं होल्याच्या हरवलेल्या मादीवर १९ ओळी लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर, १६०६ मध्ये त्या छापल्या गेल्या. 'माझी सोबतीण हरवली' आणि 'मला तिच्यामागे जायचंय' अशी त्यातली दोन पालुपदं. सुरुवातीला दुसऱ्या पालुपदात फक्त शोध आहे. शेवटच्या कडव्यात कवी मृत्यूला हाक मारतो आणि तेच शब्द एकदम वेगळे ऐकू येतात. कविता सुरेखच आहे. पण एक कविता म्हणजे वृत्त नव्हे.

घोळ झाला तो इथे. अठराव्या शतकाच्या मध्यावर छंदशास्त्र सांगणाऱ्यांनी याच एका कवितेचा साचा 'विलानेलचा नियम' म्हणून मांडला. तरी कवींनी तो लगेच मनावर घेतला नाही. १८४१ मध्ये स्वरबद्ध होऊन छापलेल्या एका प्रसिद्ध फ्रेंच 'विलानेल'मध्ये त्रिपदीचा पत्ता नाही. पुढे १८७२ च्या एका काव्यशास्त्राच्या पुस्तिकेनं नियमावर जणू शिक्का मारला. पुस्तिका लिहिणारा स्वतः नावाजलेला कवी, त्यामुळे कोणी उलटतपासणी केली नाही. त्रिपदी किती, याबाबत फ्रेंच कवी मात्र पुढेही सैलच राहिले.

१९ चा आकडा पक्का केला तो इंग्रजांनी. १८७७ पासून त्यांच्याकडे या 'जुन्या' फ्रेंच बंधांची हौस सुरू झाली. विसाव्या शतकात मरणासन्न वडिलांना उद्देशून लिहिलेल्या एका कवितेनं तर विलानेल पाठ्यपुस्तकांत नेऊन बसवलं. आज हा बंध फ्रेंचपेक्षा इंग्रजीतच जास्त नांदतो.

१९७६ च्या संग्रहातली, गमावण्याच्या कलेवरची एका अमेरिकन कवयित्रीची विलानेल ही इंग्रजीतली आणखी एक गाजलेली. तिच्यात दुसरं पालुपद दर वेळी बदलतं. कायम राहतो तो फक्त शेवटचा शब्द.