कवळीवरची बुरशी आणि शीत प्लाझ्मा : पार्श्वभूमी

कोकणातल्या अनेक घरांत रात्री आजोबांची कवळी पाण्याच्या वाटीत पडलेली असते आणि सकाळी टाळूकडची बाजू बोटाने चोळली, तर बुळबुळीत थर हाताला लागतो. या थरात जिवाणूंबरोबर बहुधा कँडिडा अल्बिकन्स ही बुरशी असते. जांभ्याच्या पायरीवर धरलेले शेवाळ जसे नुसते पाणी ओतून जात नाही, तसाच हा थरही चूळ भरून सुटत नाही, कारण पेशींनी स्वतःभोवती चिकट आवरण विणलेले असते. टाळू लाल होऊन चुरचुरतो, तो बहुधा याच बुरशीमुळे.

या दुखण्याचे मूळ बरेचसे कवळीच्या पदार्थात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळ्या कडक केलेल्या रबराच्या होत असत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक आले आणि स्वस्त, हिरडीच्या रंगाचे, दुरुस्तीला सोपे म्हणून तेच टिकले. मात्र ते सच्छिद्र असते, पाणी शोषते, ब्रशने त्यावर ओरखडे उठतात आणि उकळत्या पाण्यात ते वाकडे होते. म्हणजे भांडी उकळून घेण्याचा घरोघरचा उपाय येथे चालत नाही. ब्लीचने रंग उडतो आणि धातूच्या पकडी गंजतात. निस्टॅटिन हे बुरशीनाशक १९५० मध्ये उजेडात आले खरे, पण आवरणाखालच्या पेशी औषधाला सहज दाद देत नाहीत आणि कवळी तशीच राहिली, की दुखणे परतते.

उष्णतेशिवाय निर्जंतुक करण्याची ही गरज प्लाझ्माच्या, म्हणजे विजेने विद्युतभारित केलेल्या वायूच्या, जुन्या विद्येशी उशिराच जुळली. जर्मन अभियंते सीमेन्स यांनी १८५७ मध्येच विद्युत्-विसर्गाने, म्हणजे वायूतून वीज सोडून, ओझोन तयार केला होता आणि ‘प्लाझ्मा’ हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये दिले. तरी निर्जंतुकीकरणासाठी तो दीर्घकाळ निर्वात पेटीतच वापरला गेला. साध्या हवेच्या दाबावर निर्जंतुकीकरण करण्याचे काम १९९० च्या दशकात जोम धरू लागले. या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन तेवढे तापलेले असतात, वायू मात्र कोमट राहतो, म्हणून तो ‘शीत’. तयार होणारे ऑक्सिजन-नायट्रोजनचे क्रियाशील कण पेशींचे पटल फोडतात.

थर जाड असेल, तर वरच्या पेशी मरतात आणि तळच्या वाचू शकतात, ही या तंत्राची खरी अडचण आहे. शिवाय दमट हवेत ओझोन कमी निर्माण होतो आणि हायड्रॉक्सिल व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा वाटा वाढतो, त्यामुळे कोरड्या प्रयोगशाळेत ठरलेली प्लाझ्मा देण्याची मिनिटे आषाढातल्या मालवणात जशीच्या तशी लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही.