घोड्याची हातमालिश आणि खालच्या भागाची सफाई

घोड्याचे स्नायू हाताने दाबून-चोळून मोकळे करायचे, आणि त्याच हाताने शिश्नाचं आवरण, घोडीची कास, शेपटीखालची जागा वेळच्यावेळी तपासून गरजेपुरती साफ करायची, अशी ही दुहेरी निगा. पहिलं काम सगळे हौसेने करतात, दुसऱ्याला लाजतात किंवा किळस करतात, आणि घोड्याचा खरा त्रास बरेचदा तिथेच लपलेला असतो.

इंदूर हे होळकरांचं, म्हणजे घोडदळावर उभं राहिलेलं गाव. पागा (तबेला), मोतद्दार (घोड्याची निगा करणारा), खरारा (अंग घासून साफ करणं), चंदी (घोड्याचा खुराक), तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) हे शब्द इथल्या मराठी घरांत त्या काळापासूनचे, आणि घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणायचे ते शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. आता शहरात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत, आणि ती बहुतेक वेळा घोडी असते, अंगावर जड झूल, पाठीवर नवरदेव, कानाशी बँड, आणि तासन् तास एक पाऊल पुढे की थांब. अशा जनावराची पाठ आणि कंबर आखडणारच ना.

मालिश खराऱ्यानंतर करायची, म्हणजे धूळ आणि सुटे केस निघालेले असतात. बोटांच्या टोकांनी टोचायचं नाही, तळहात आणि मनगटाजवळचा भाग वापरायचा, केसांच्या दिशेने, आधी हलकं आणि मग हळूहळू वजन टाकत. मान, खांदा, पुठ्ठे असे मांसल भाग घ्यायचे, पाठीच्या कण्यावर किंवा कुठल्याही हाडावर दाब द्यायचा नाही, कमरेवर तर अगदी बेताने. मान संपून पाठ सुरू होते तो उंचवटा सगळ्यात लाडका, घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात तेही तिथेच, आणि कामार्ग जातीच्या घोड्यांवर 1993 साली छापून आलेल्या अभ्यासात तिथे चोळल्यावर त्यांचे हृदयाचे ठोके कमी झालेले दिसले होते. घोड्याला बरं वाटतंय हे तो स्वतःच सांगतो: मान खाली येते, खालचा ओठ लोंबतो, जांभई देतो, तोंड चावल्यासारखं करतो. कान मागे पाडले, कातडी थरथरली, शेपटी आपटली तर तिथे दुखतंय, जोर लावायचा नाही. घोडा का अडला तर न फिरवल्यामुळे हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण रोज अंगावरून हात न फिरवल्यामुळेही अडतो, कारण तंगाखालची सूज, पायातली गरमी, छोटी जखम हे डोळ्याआधी हाताला कळतं.

ताप असेल, जखम असेल, जागा गरम आणि सुजलेली असेल तर मालिश नाही. आणि कामानंतर पुठ्ठे दगडासारखे कडक झाले, घाम फुटला, पाऊल उचलेना, लघवी कॉफीसारखी गडद आली तर चोळायचंही नाही आणि चालवायचंही नाही, आहे तिथेच उभं ठेवून डॉक्टरला बोलवायचं. हा स्नायू मोडण्याचा आजार आहे, यात किडनी जाऊ शकते.

आता खालचा भाग. नर घोड्याच्या आवरणात तेलकट, राखाडी-काळपट मळ साचतो, ते नैसर्गिक आहे, थोडा असू द्यावा. खच्ची केलेल्या घोड्यात जास्त साचतो कारण तो शिश्न पूर्ण बाहेर फार काढत नाही. मूत्रमार्गाच्या तोंडाजवळ एक छोटा कप्पा असतो, त्यात हा मळ घट्ट होऊन वाटाण्याएवढा, कधी मोठाही खडा बनतो, मग लघवीची धार फाटते, घोडा परत परत पाय ताणून उभा राहतो. म्हणून वर्षातून एक-दोनदा नीट बघावं, आणि मळ खरंच जास्त असेल तरच हातमोजा घालून कोमट पाण्याने, मऊ स्पंजने काढावा. साबण, डेटॉल वगैरे अजिबात नको, त्याने तिथले चांगले जंतू मरतात आणि उलट जळजळ-वास वाढतो. रोज धुणारेच जास्त बिघडवतात असं माझं स्पष्ट मत आहे. कोणीतरी डोक्याशी धरून उभं पाहिजे, आपण खांद्याच्या बाजूला, एक हात कायम अंगावर, खाली मांडी घालून बसायचं नाही. घोडा ऐकत नसेल तर गुंगीचं औषध डॉक्टरनेच द्यायचं, कारण काही औषधांनी नर घोड्याचं शिश्न परत आत न जाण्याचा धोका असतो. गाठ, न भरणारा फोड, रक्त, घाण वास दिसला तर धुणं थांबवा, कॅन्सरही असू शकतो. पावसाळ्यात माशा ओलसर जागी जंतांच्या अळ्या सोडतात, ती जखमही इथेच चिघळते.

घोडीला सड दोनच, आणि त्यांच्या मधल्या खाचेत काळा चिकट मळ बसतो. ती शेपूट घासत असेल तर लोक जंत म्हणून औषध पाजतात, जंत असतातही, पण आधी ती खाच बघा. योनीचा फक्त बाहेरचा भाग पुसायचा, आत पाणी कधीच घालायचं नाही, आणि गुदाकडून योनीकडे पुसायचं नाही. डोळे-नाकाचा स्पंज वेगळा, शेपटीखालचा वेगळा.

प्रत्येक घोड्याची बादली आणि फडकंही वेगळं हवं, लग्नसराईत बाहेरून आलेल्या जनावरांबरोबर तर नक्कीच. नाकातून चिकट शेंबूड आणि अंगावर गाठी-फोड असतील तर हात लावू नका, ग्लँडर्स असू शकतो, तो माणसालाही होतो, जीवघेणा आहे आणि सरकारी पशुवैद्यकाला कळवणं बंधनकारक आहे. इंदूरकरांना महूचं पशुवैद्यकीय कॉलेज साधारण 23 किलोमीटरवर आहे, 1955 पासूनचं, खडा निघत नसेल किंवा गाठ लागत असेल तर घरी खटपट न करता घोडा तिकडे दाखवावा.