वरुणतीर्थ बुजलं, रंकाळा उरला

मोठा पाऊस झाला की कोल्हापूरच्या गांधी मैदानाचं तळं होतं. दरवर्षी मॅचेस थांबतात, दरवर्षी निचऱ्याची चर्चा होते. पण तिथं पूर्वी तळंच होतं, वरुणतीर्थ. पाणी आपल्या जुन्या जागी येतं, एवढंच. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई भरते, सिद्धाळ्याची बाग झाली. कोटितीर्थ तेवढं पाण्यासह टिकलं.

ही तळी कामाची होती. पिणं, धुणं, जनावरं धुवायची, सगळं तिथंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पाणी अडवून कळंबा तलाव बांधला गेला आणि तिथलं पाणी नळानं शहरात खेळू लागलं. मंगळवार पेठेतला पाण्याचा खजिना त्याच व्यवस्थेची खूण. घराजवळ नळ आला तशी पेठेतल्या तळ्याची गरज संपली, आणि गरज संपल्यावर राखणही संपली. माझ्या मते कोल्हापूरच्या पाणथळींची कहाणी या एका वळणावर फिरली.

रंकाळा वाचला तो त्याच्या आकारामुळे. एवढं पाणी बुजवणार कोण? मूळची दगडाची खाण, भूकंपात खचली आणि पाण्यानं भरली, अशी आख्यायिका आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की संध्यामठाच्या दगडी पायऱ्या उघड्या पडतात. पुढं काठावर शालिनी पॅलेस उभा राहिला, चौपाटी झाली, आणि तळ्याला नवं काम मिळालं: लोकांनी बघायला यायचं. त्याच काळात भोवती वसाहती वाढल्या आणि नाल्यांचं सांडपाणी आत येऊ लागलं. सांडपाण्यावर केंदाळ, म्हणजे जलपर्णी, पोसतं. वरून हिरवंगार दिसतं, पण खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो आणि मासे मरून काठाला लागतात. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळा आला तो या दुखण्यापायीच.

जगात पाणथळींचा करार झाला तो २ फेब्रुवारी १९७१ रोजी, इराणमधल्या रामसर गावी. नैसर्गिक असो वा माणसानं केलेली, दोन्ही प्रकारची पाणथळ त्यात धरली होती. भारत १९८२ मध्ये सामील झाला. महाराष्ट्राला पहिलं रामसर स्थळ मिळायला मात्र २०२० उजाडलं, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. तेही बंधाऱ्यामुळं तयार झालेलं पाणी! आपल्या देशाच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी मात्र पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येबाहेर ठेवले. म्हणजे कळंब्यावर हिवाळ्यात बदकं उतरोत की वारकरी पक्ष्यांचे थवे, या नियमांचा आधार त्याला मिळणं अवघड. हे मला फार खटकतं. पक्षी बांधकामाचा हेतू विचारून उतरत नाहीत.

पर्यटनाचा विचार या कराराच्या व्यासपीठावर ठळकपणे आला तो २०१२ मध्ये. त्या वर्षीच्या जागतिक पाणथळ दिनाचा विषयच 'पाणथळ आणि पर्यटन' होता. ओडिशातल्या चिलिकाचं उदाहरण इथं सांगायलाच हवं. गाळानं समुद्राकडचं मुख कोंडल्यावर ते सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या स्थळांच्या यादीत गेलं. २००० मध्ये नवं मुख खोदलं, मासळी परतली, आणि २००२ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. त्याच्या काठच्या मंगळाजोडी गावात एके काळी पक्षी मारून विकणारी माणसं आता नाव वल्हवत पाहुण्यांना तेच पक्षी दाखवतात. तिथं पक्षी नसले तर रोजगार नाही, म्हणून गाव राखण करतं.

रंकाळ्यावर तसं नातं अजून जुळलेलं नाही. सकाळी चौपाटीकडून चालत पलीकडच्या काठाला गेलात तर पाणवनस्पतींच्या कडेला जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत चालताना दिसते, टिबुकली बुडी मारून भलतीकडेच वर येते. भेळेच्या गाड्यांवर येणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात. नाल्यांचं पाणी आधी अडवावं, दिवे आणि कारंजी नंतर. आणि काठाचा तो पाणकोंबडीचा तुकडा दगडी बांधकामात न घेता चिखलाचाच राहू द्यावा.