सुरक्षा अपडेटनंतरचे सर्व्हिस रीस्टार्ट

लिनक्स सर्व्हरवर ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनसाठी), जीलिबसी (सी भाषेची मूळ लायब्ररी) यांसारखी शेअर्ड लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो तयार कोड, अपडेट केल्यावर ती वापरणाऱ्या चालू सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करण्याचे काम. पॅकेज मॅनेजरने काम झाल्याचे सांगितले म्हणजे डिस्कवरची फाइल बदलली, एवढेच. आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुन्याच कोडवर चालत राहतो आणि भगदाड तसेच उघडे राहते.

प्रोग्रॅम सुरू होताना डायनॅमिक लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारा भाग) लायब्ररीची फाइल त्याच्या मेमरीत मॅप करतो. फाइल पुढे बदलली का, हे तो पुन्हा पाहायला येत नाही. डीपीकेजी आणि आरपीएम हे पॅकेज मॅनेजर नवी फाइल तात्पुरत्या नावाने शेजारी लिहितात व मग नाव बदलून तिला जुनीच्या जागी बसवतात. जुन्या फाइलचे नाव पुसले जाते, पण एखादी प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) तिला धरून असेपर्यंत तिचा आयनोड (नावामागची प्रत्यक्ष फाइल) डिस्कवर जिवंत असतो. ही सोय हेतुपुरस्सर आहे. चालू लायब्ररीवर ‘सीपी’ या कॉपी करण्याच्या कमांडने नवी फाइल थेट ओतली, तर प्रोसेसच्या पायाखालचा कोडच बदलतो आणि ती कोसळते. लायब्ररी स्वतः कंपाइल करून जागेवर ठेवणाऱ्यांनी म्हणूनच ‘सीपी’ टाळून ‘एमव्ही’ (फाइल हलवण्याची कमांड) वापरावे.

ही बाब सर्वांच्या लक्षात आली ती हार्टब्लीडमुळे. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेला हा दोष ओपनएसएसएल १.०.१ ते १.०.१एफ या आवृत्त्यांत होता आणि १.०.१जी मध्ये दुरुस्त झाला. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर येई. त्यात पासवर्ड, कुकी, प्रसंगी एन्क्रिप्शनची खासगी कीसुद्धा. इथे क्रमाला फार महत्त्व होते: आधी लायब्ररी, मग रीस्टार्ट, मग नवी की आणि नवे सर्टिफिकेट, शेवटी जुने सर्टिफिकेट रद्द. रीस्टार्टआधीच नवी की बसवली, तर तीही त्याच भगदाडातून बाहेर जाण्याचा धोका.

जानेवारी २०१५ मधल्या जीलिबसीच्या ‘घोस्ट’ दोषाने वेगळी अडचण आणली. जीलिबसी जवळपास प्रत्येक प्रोसेस वापरते, पीआयडी (प्रोसेस क्रमांक) १, म्हणजे सर्वांत आधी सुरू होणारी प्रोसेससुद्धा. अशा वेळी एकेक सर्व्हिस मोजत बसण्यापेक्षा मशीन रीबूट करणे स्वस्त पडते.

कोण जुन्या फाइलवर चालले आहे, हे ओळखता येते. ‘प्रॉक’ या चालू प्रोसेसची माहिती देणाऱ्या फाइलसिस्टिममध्ये प्रत्येक पीआयडीची ‘मॅप्स’ नावाची फाइल असते. तीत लायब्ररीच्या नावापुढे कंसात ‘डिलीटेड’ दिसले की ती प्रोसेस जुनी. ‘एलएसओएफ’ ही उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड हेच एफडीच्या रकान्यात ‘डीईएल’ म्हणून दाखवते. शेअर्ड मेमरीच्या आणि ‘मेमएफडी’च्या (फक्त मेमरीत असणाऱ्या फाइलींच्या) ओळीही तशाच दिसतात, त्या सोडून द्यायच्या. डेबियनवर ‘चेकरीस्टार्ट’ किंवा ‘नीडरीस्टार्ट’, रेड हॅट घराण्यात ‘नीड्स-रीस्टार्टिंग’, ओपनसुसेवर ‘झिपर पीएस’ हीच छाननी करून थेट सर्व्हिसची नावे देतात. सगळे रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून चालवावे, नाहीतर दुसऱ्या युजरच्या प्रोसेस दिसत नाहीत आणि यादी खोटी छोटी येते. उबंटू सर्व्हर २२.०४ मध्ये नीडरीस्टार्ट ‘एपीटी’ने अपडेट केल्यावर आपोआप चालून प्रश्न विचारतो, स्क्रिप्टमधून अपडेट करताना काम तिथेच अडून बसते. त्यासाठी त्याचा मोड आधीच ‘ए’ (आपोआप) किंवा ‘एल’ (फक्त यादी) ठरवून ठेवावा. गंमत म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये खुद्द नीडरीस्टार्टमध्येच साध्या युजरला रूट होऊ देणारे दोष सापडले.

कोणती सर्व्हिस कोणती लायब्ररी वापरते, याचा अंदाज कॉन्फिगरेशन वाचून बांधू नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझी’ या कॉम्प्रेशनच्या पॅकेजमधले मागील दार (मुद्दाम पेरलेला छुपा कोड) उघडकीला आले, तेव्हा दूरून लॉगिन देणारे एसएसएचडी त्याची लायब्ररी स्वतः वापरत नव्हते. काही डिस्ट्रोंनी एसएसएचडीला सिस्टमडीची (सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) लायब्ररी जोडली होती आणि तिच्यामागून ही आत आली.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘रीलोड’मध्ये, म्हणजे सर्व्हिस बंद न करता फक्त कॉन्फिगरेशन पुन्हा वाचायला लावण्यात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला रीलोड दिले की मास्टर प्रोसेस कॉन्फिगरेशन वाचून नवे वर्कर फोर्क करते, म्हणजे स्वतःच्याच प्रती काढते. मास्टर स्वतः जुनाच, म्हणून वर्करही जुन्याच लायब्ररीचे. तिथे पूर्ण रीस्टार्ट लागतो, किंवा यूएसआर२ सिग्नलने नवी बायनरी चढवावी लागते. पोस्टग्रेस डेटाबेसलाही रीलोड पुरत नाही. एसएसएचडी मात्र एचयूपी सिग्नल मिळताच स्वतःलाच नव्याने एक्झेक करते (डिस्कवरच्या फाइलपासून पुन्हा सुरू करते), त्यामुळे नवी लायब्ररी उचलते. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये मास्टर मेल स्वीकारणाऱ्या ‘एसएमटीपीडी’च्या प्रोसेस वेळोवेळी नव्याने सुरू करतो (डीफॉल्टने प्रत्येक प्रोसेस १०० कनेक्शनांनंतर निवृत्त), म्हणून त्या आपोआप बदलत जातात, तरी रीस्टार्ट देऊन टाकणे बरे.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचडीला हात लावण्याआधी ‘एसएसएचडी -टी’ने कॉन्फिगरेशन तपासावे. अनेकदा महिन्यांपूर्वी कोणीतरी फाइलमध्ये केलेली चूक रीस्टार्टच्या वेळी वर येते आणि दोष लायब्ररीवर ढकलला जातो. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलमधून लॉगिन होते का, ते पाहावे आणि मगच पहिले सोडावे. डेटाबेसचा रीस्टार्ट कमी गर्दीच्या वेळी ठेवावा. मोठा बफर डिस्कवर उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात सिस्टमडीची मुदत संपली तर सिस्टमडी डेटाबेसची प्रोसेस जबरदस्तीने मारते. खुद्द सिस्टमडी नव्याने सुरू करण्यासाठी ‘सिस्टमसीटीएल डीमन-रीएक्झेक’ आहे. डी-बस (सर्व्हिसमधला संदेशवाहक) रीस्टार्ट करू नये, त्याच्यावर टेकलेल्या सर्व्हिस लोंबकळतात, तिथे रीबूटच.

होस्टवरच्या अपडेटचा कंटेनरच्या (स्वतःच्या लायब्ररींसह वेगळ्या ठेवलेल्या प्रोग्रॅमच्या) आतल्या लायब्ररीवर काहीही परिणाम होत नाही. इमेज (कंटेनरचा साचा) नव्याने बांधून कंटेनर पुन्हा उभा करावा लागतो. नुसता कंटेनर रीस्टार्ट केला तर जुन्याच इमेजमधली जुनी फाइल परत येते. स्टॅटिक लिंक केलेला (लायब्ररी आतच बांधलेला) प्रोग्रॅम तर नव्याने कंपाइल करूनच सुधारतो. गो भाषेतल्या सर्व्हिस साधारणपणे स्वतःचेच टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करणारा कोड) वापरतात, त्यांना ओपनएसएसएलचा दोष लागू होत नाही, पण गोच्या स्वतःच्या दोषांसाठी त्याही नव्याने बांधाव्या लागतात.

रीस्टार्टनंतर तीच तपासणी पुन्हा चालवावी. यादीत उरतात ते बहुतेक युजरचे जुने एसएसएच सेशन आणि महिनोन्‌महिने उघडे ठेवलेले टीमक्स (टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम). ते त्या युजरने बंद केल्याशिवाय किंवा रीबूटशिवाय जात नाहीत.