तीन चाकांपासून चार चाकांपर्यंत : नाशिकच्या छोट्या टेंपोची पार्श्वभूमी

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या कांदा बाजाराची बातमी वाचली की आवक क्विंटलबरोबर वाहनांतही दिलेली असते : आज एवढे ट्रॅक्टर, एवढ्या पिकअप. व्यापारी या वाहनांच्या रांगेतून फिरतात, हौद्यातला कांदा हातात घेऊन बघतात आणि जागेवरच बोली लागते. लिलावाच्या दिवशी पिकअपचा हौदा हेच शेतकऱ्याचं दुकान. त्यामुळे आपल्याकडे नवी गाडी घरी आली, नारळ फुटला, की पहिल्या आठवड्यातच ती वेल्डिंगवाल्याच्या दारात उभी दिसते. फाळक्यांवर, म्हणजे हौद्याच्या बाजूच्या पत्र्यांवर, पाइपाची जाळी चढते, तळाला चेकर प्लेट म्हणजे खवल्यांचा जाड पत्रा बसतो, मागच्या चाकांच्या स्प्रिंगच्या कमानीत एखाद-दुसरा लोखंडी पाटा वाढतो.

सध्या अशा गाड्यांची चौकशी बरीच आहे. जून २०२५ मध्ये टाटाची एस प्रो ही छोटी मालगाडी ३.९९ लाखांच्या शोरूम किमतीपासून बाजारात आली. पाठोपाठ २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. दारात पहिलंच चारचाकी वाहन आणू पाहणाऱ्याला हा मोठा आधार आहे. अशा माणसाचे दोन प्रश्न ठरलेले असतात : ॲव्हरेज किती देते, आणि पाटा वाढवला तर माल किती उचलेल. पहिल्याचं उत्तर कुणीही देतं. दुसऱ्या प्रश्नामागे साठ-सत्तर वर्षांची सवय आहे, आणि ती समजून न घेता गाडी घेतली तर पुढे जड जातं.

‘टेंपो’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो कुणाचं नाव होता हे आठवतही नाही. हॅम्बुर्गच्या ‘विडाल अँड सोन’ या जर्मन कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं त्यांच्याशी सहकार्य करून बजाज टेंपो ही कंपनी उभी राहिली आणि ‘हॅन्सीट’ नावाची तीनचाकी मालगाडी इथे बनू लागली. पुढे एकच चाक, पुढे आलेलं नाक, मागे लाकडी हौदा. बैलगाडी आणि ट्रक यांच्या मधली जागा तिनं भरून काढली. पुढे त्याच कंपनीची मॅटेडोर आली आणि तिचंही नाव तसंच सामान्यनाम झालं. आजही आमच्याकडे वयस्कर माणसं चहूबाजूंनी बंद असलेल्या कुठल्याही मालगाडीला मॅटेडोर म्हणतात. याच कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. टेंपो हे नाव कंपनीनं सोडलं आणि भाषेनं ठेवून घेतलं.

गाडी घेऊन मग ती ‘बांधायची’, ही सवयही त्याच काळातली. ट्रकच्या बाबतीत कारखान्यातून बहुधा नुसती चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसकट सांगाडा, यायची आणि वरची बॉडी गावातले सुतार-लोहार बांधायचे. हौदा किती लांब, फाळका किती उंच, केबिनवर कॅरिअर किती, हे सगळं मालक आणि मिस्त्री उभ्या उभ्या ठरवायचे. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली तेव्हाही हाच रिवाज चालू होता. मिस्त्री पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले आणि त्यांचा हात उत्तम होता, यात शंका नाही. मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेनं आजही त्यांची दुकानं दिसतात. गाडी म्हणजे अर्धवट वस्तू, ती पुरी करायची आपण, ही समजूत या दुकानांतून घराघरात गेली.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना. २००० सालची बोलेरो आणि २००२ ची स्कॉर्पिओ इथूनच बाहेर पडल्या. त्या कारखान्यात, त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या सातपूर-अंबडच्या वर्कशॉपांत काम केलेली माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत. निफाडला किंवा चांदवडला गाडी बंद पडली तर चेसिसवर बांधलेली, जीपच्या वंशातली गाडी उघडून बघणारा कुणीतरी भेटतोच. बोलेरोच्या मालवाहू रूपाला आपल्याकडे कंपनीचं नाव लावत नाहीत, नुसतं ‘पिकअप’ म्हणतात, त्यामागे हा घरोबा आहे. गाडी निवडताना जवळचा मिस्त्री कोणती गाडी ओळखतो हे बघणं मला ॲव्हरेजपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पण पिकअप ही सधन बागायतदाराची किंवा भाड्यानं चालवणाऱ्याची गाडी. दहा-पंधरा गुंठ्यांतला भाजीपाला काढणाऱ्याला किंवा नाशिकच्या भद्रकालीतल्या किराणा दुकानाचा माल पोचवणाऱ्याला ती मोठी पडायची. त्याच्याकडे तीनचाकीच असायची, आणि तीनचाकीची अडचण रस्ता रुंद झाल्यावर वाढली. महामार्ग चौपदरी झाले, ट्रक-बस जोरात धावू लागल्या, आणि त्यांच्या वाऱ्यानं हलणारी तीन चाकं घेऊन नाशिकबाहेर निघणं धोक्याचं होऊन बसलं. समृद्धी महामार्गावर तर आज तीनचाकीला मुळी प्रवेशच नाही.

ही अडचण टाटा मोटर्सनं ओळखली. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं तीनचाकी चालवणाऱ्यांशी बोलून एक छोटी चारचाकी आखली, आणि मे २००५ मध्ये ‘एस’ आली. तिचं इंजिन म्हणजे टाटाच्याच इंडिका मोटारीच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचं जवळजवळ अर्धं रूप : दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. वजन उचलायची क्षमता पाऊण टन आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. दहीपुलाच्या किंवा रविवार कारंजाच्या गर्दीत एका दमात वळेल एवढी आखूड. लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटलं आणि हे नाव कंपनीनंही आनंदानं उचललं. बारा वर्षांत अशा वीस लाखांवर गाड्या विकल्या गेल्या.

तिच्या यशाचं एक कारण कायद्यात दडलेलं आहे आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ नुसार ज्या मालवाहू वाहनाचं मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या आत आहे, त्याला परमिट लागत नाही. परमिट नाही म्हणजे त्याचा खर्च नाही, हेलपाटे नाहीत. ३,००० किलोंची ही रेघ पुढच्या सगळ्या गाड्यांच्या आखणीत दिसते. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त आली, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९ मध्ये टाटाची इंट्रा. इंट्रा व्ही५० दीड टन माल उचलते आणि तिचं एकूण वजन २,९४० किलो आहे, रेघेच्या जेमतेम आत. हा आकडा योगायोगानं आलेला नाही. मोठ्या पिकअप मात्र रेघ ओलांडून साडेतीन टनांच्या जवळ जातात, तेव्हा त्यांना परमिटचा हिशोब आला. लायसन्सची धास्ती आता उरलेली नाही. साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं कायम केलं.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराबद्दलचे कडक नियम आले आणि छोट्या डिझेल इंजिनाचं गणित बिघडलं. धूर शुद्ध करणारी यंत्रणा एवढ्या स्वस्त गाडीला महाग पडते. म्हणून पेट्रोल आणि सीएनजी पुढे आले, सुपर कॅरीचं डिझेल तर बंदच झालं. सीएनजी घेणाऱ्यानं एक ध्यानात ठेवावं : टाक्यांना स्वतःचं वजन असतं, आणि ते मालाच्या वाट्यातून जातं. बॅटरीवर चालणारी एस २०२२ पासून आहे. शहरातल्या ठरलेल्या फेऱ्यांना ती बरी, रात्री वणीहून वाशीला भाजी नेणाऱ्याचं काम वेगळं आहे.

आता पुन्हा पाट्यांकडे येतो, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

माझ्या मामांनी निफाडकडे द्राक्षांच्या हंगामासाठी जुना छोटा हत्ती घेतला होता. घेतल्या घेतल्या मागच्या दोन्ही कमानींत दोन-दोन पाटे वाढवले. गाडी मागून उचललेली दिसायला लागली, मामा खूश. हंगामात पहिली फेरी नाशिकला गेली, हौदा अर्धाच भरलेला. कॅरेट उतरवताना प्रत्येकाच्या तळाशी मूठ-मूठ सुटे मणी निघाले. देठापासून तुटलेले, काही फुटलेले, खालच्या कागदावर रसाचे डाग. व्यापाऱ्यानं एक घड उचलून हलवला, आणखी चार मणी गळले, आणि भाव तिथेच पडला. कमान कडक झाली की कमी वजनावर ती दबतच नाही, रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ हौद्यात जातो. कांदा हे सोसतो, टोमॅटो थोडंफार सोसतो, द्राक्ष मुळीच नाही. मामांनी पुढच्या आठवड्यात वाढवलेले पाटे काढून टाकले.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. पाटा वाढवला की गाडी ‘बसत’ नाही, त्यामुळे ती जास्त उचलते असं वाटतं. पण ॲक्सल तोच, टायर तेच, ब्रेकही तेवढेच. नाशिकहून मुंबईकडे भरलेली गाडी कसारा घाट उतरते. चढावर जास्तीचं वजन इंजिनाला कळतं, ते लगेच तक्रार करतं. उतारावर ते ब्रेकला सोसावं लागतं, आणि तापलेले ब्रेक तक्रार करत नाहीत, धरायचेच सोडतात. रात्री दोन वाजता त्या वळणांवर माणूस एकटा असतो. घरच्या माणसांना तो सकाळी परत हवा असतो, म्हणून हे एवढं पोटतिडकीनं लिहितो आहे.

कायदाही आता जुन्या बॉडी बांधण्याच्या काळातला राहिलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळला पाहिजे. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. जास्तीच्या वजनाचा दंड २,००० वरून थेट २०,००० रुपये झाला, शिवाय प्रत्येक जादा टनामागे २,०००. माल हौद्याबाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेला तरी २०,००० रुपये आहेतच. कांद्यासाठी फाळक्यांवर दोन-दोन फूट जाळी चढवणाऱ्यांनी हे कलम एकदा समजून घ्यावं. मंजूर सीएनजी किट बसवून आरटीओत नोंद करून घेणं कायदेशीर आहे. ताडपत्री, सीट, टेप, रेडियम यांना कुणाची हरकत नाही. तळाला रबरी चटई टाकली तर द्राक्षं आणि हौदा दोन्ही वाचतात, आणि हवी तेव्हा ती काढूनही ठेवता येते.

जुन्या मिस्त्रींचं बरंचसं काम आता कंपनीच्या यादीतच मिळतं, आणि ग्राहकाला ते बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. उंच फाळक्यांचा हौदा, सपाट हौदा, नुसती केबिन-चेसिस, असे प्रकार खरेदीच्या वेळीच निवडता येतात आणि त्यांची नोंद पासिंगच्या कागदांत येते. खुला कांदा न्यायचा असेल तर उंच फाळके आधीच मागावेत. कॅरेटचा माल असेल तर सपाट हौदा सोयीचा, तिन्ही बाजूंनी हात घालून चढवता-उतरवता येतो. दीड टन माल नेहमीचाच असेल तर पाऊण टनाची गाडी घेऊन तिला पाटे जोडण्यापेक्षा दीड टनाचीच गाडी घ्यावी. हप्ता वाढतो, हे खरं आहे आणि वाढीव हप्ता काढणं सोपं नाही. पण अशा वेळी एकच मोठी गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली मी निफाड तालुक्यात पाहिली आहे, आणि ती नीट चालली आहे.

हिशोब कागदावर मांडला की सोपा होतो. टोमॅटोच्या कॅरेटमध्ये २० किलो माल, रिकामं कॅरेट दोनेक किलोचं धरू, म्हणजे २२ किलो. ७५० किलो क्षमतेच्या गाडीत अशी ३४ कॅरेट बसतात. जाळी, अँगल आणि चेकर प्लेट मिळून ८० किलो वाढले, तर उरतात ३०. प्रत्येक फेरीला चार कॅरेट कमी, आणि हंगामात फेऱ्या रोजच्या. म्हणून वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी गाडी रिकामी असताना भुईकाट्यावर घालावी आणि पावती डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवावी. काम झाल्यावर पुन्हा काट्यावर न्यावी. दोन पावत्यांतला फरक २२ नं भागला की त्या लोखंडापायी किती कॅरेट गेली ते कळतं.