दिघ्याच्या नळाला पाणी किती वाजता येतं?

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल ऐरोलीच्या आधी दिघा गाव स्थानकात थांबते. हा थांबा सुरू झाला १२ जानेवारी २०२४ ला. त्याआधी काही महिने स्थानक बांधून तयार होतं, पण उद्घाटन बाकी होतं. गाड्या धडधडत पुढे जायच्या आणि खाली रस्त्यावर माणसं शेअर रिक्षा शोधायची. वर्गात मानवी भूगोल शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

टॉर्स्टन हेगरस्ट्रांड या स्वीडिश भूगोलज्ञाने १९७० साली आपल्या सहकाऱ्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला. प्रदेशांचा एवढा अभ्यास करता, त्यात माणसं कुठे आहेत? त्याची युक्ती साधी होती. नकाशा आडवा पसरायचा आणि त्यावर वेळ उभी मोजायची. घरी बसलेल्या माणसाची रेघ सरळ वर जाते, चालणाऱ्याची थोडी कलते, लोकलमधल्याची बरीच आडवी होते. दोन ठरलेल्या वेळांच्या मधल्या काळात माणूस जिथवर जाऊन परत येऊ शकतो, तेवढा त्याचा प्रिझम. झोप, भूक आणि हाताशी असलेलं वाहन त्याला आवळतं; दुसऱ्यांशी जुळवून घ्यायच्या वेळाही आवळतात; आणि तिसरी गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी अधिकारात बंद असलेली दारं. दिघ्याचं स्थानक या तिसऱ्या खात्यातलं.

माझ्या एका सहकारी मॅडमनी दिघ्याच्या एका मावशींचा दिवस असाच ग्राफपेपरवर काढला. मावशी ऐरोलीत तीन घरची धुणीभांडी करतात. नळाला पाणी सहा ते सात, म्हणजे सातपर्यंत रेघ जागची हलत नाही. साडेसातला पहिलं काम. साडेबाराला मुलीची शाळा सुटते. मध्यंतरी घणसोलीत चांगल्या पैशाचं काम चालून आलं होतं. दिघ्याहून तिसरं स्थानक, अंतर काहीच नाही. पण काम अकराचं. ते उरकून, गाडी पकडून साडेबाराला शाळेच्या फाटकाशी पोचणं काही जमेना. मावशींनी नाही म्हणून सांगितलं. बाहेरून पाहणारा म्हणेल, यांना कामच नकोय.

सरकारी आकडेवारीत हे सापडतं का? अर्धंमुर्धं. २०११ च्या जनगणनेत कामाचं ठिकाण किती दूर आणि तिथे कशाने जाता, हे विचारलं होतं. किती वेळ लागतो, हे नाही. शिवाय पुढची जनगणना २०२७ वर गेली, आणि दरम्यान ही अख्खी खाडीपट्टी बदलली. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणातून वेळ कळतो: स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, तेच करणाऱ्या पुरुषांची ९७. पण ती मिनिटं कुठून कुठे जाताना, कोणत्या नळाशी आणि कोणत्या फाटकाशी खर्च झाली, ते त्यात दिसत नाही. एकीकडे अंतर, दुसरीकडे वेळ. दोन्ही जोडायची तर कुणीतरी सकाळी सहाला दिघ्यात उभं राहायला हवं. एकदा नव्हे, वर्षभर.

आता त्या मॅडमचाच प्रिझम काढू. त्या तासिका तत्त्वावर शिकवतात, सकाळी ठाण्यात आणि दुपारी बेलापुरात. तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. शिकवलं त्याचेच पैसे. प्रवासाचे नाहीत, पेपर काढण्याच्या डोकेफोडीचे नाहीत, दिघ्यात उभं राहण्याचे तर नाहीतच. कायम नोकरी हवी तर शोधनिबंध हवेत. २०१० साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, एपीआय नावाची गुणपद्धत आणली आणि प्राध्यापकाच्या कामाला भाव फुटले: निबंधाला इतके, परिषदेला इतके. नियम पुढे बदलले, पण मोजायची सवय काही सुटली नाही. मग एका निबंधाचे तीन करायचे, घाईने प्रश्नावली भरून घ्यायची. ‘पैसे भरा, आठवड्यात छापतो’ म्हणणाऱ्यांचं दुकान याच घाईवर चालतं. आम्ही कायम नोकरीवाले तरी कुठे मोकळे आहोत म्हणा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींत माझीच एक दिवाळीची सुट्टी गेली.

२०१५ साली अ‍ॅलिसन माउंट्झ आणि त्यांच्या सहकारी भूगोलज्ञ स्त्रियांनी एक निबंध लिहून संथ संशोधनाची बाजू मांडली होती. विचाराला, वाचनाला आणि एकमेकींची काळजी घ्यायलाही वेळ लागतो, तो मागून घ्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. फक्त संथपणा परवडायला आधी महिन्याचा पगार लागतो, आणि तासिकेवरच्या माणसाला तो सुट्टीत मिळत नाही.

मॅडमनी आपल्यापुरता मार्ग काढलाय. दिघ्यात पाणी येतं त्या वेळी त्यांच्या घरी डबे भरणं चालू असतं, म्हणून त्यांनी मावशींनाच भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पाण्याची वेळ लिहायला सांगितलं. महिन्यातून एका रविवारी जाऊन पानाचा फोटो काढतात. परवा ठाण्याच्या दहा नंबर फलाटावर त्यांनी मला मार्चचं पान दाखवलं. बॉलपेनने लिहिलेले ५.५०, ६.१५, ‘गढूळ’, ‘टँकर’, आणि अकरा चौकोन कोरे.

“पाणी आलं नाही, की लिहायचं राहिलं?” मी विचारलं.

“तेच विचारायला परत जायचंय,” त्या म्हणाल्या, आणि गाडी लागली.