सूक्ष्म खनिजांची कमतरता व अस्थी-सांधेविकार (मराठवाडा)

तांबे, जस्त, मँगॅनीज ही खनिजे शरीराला अगदी थोडी लागतात. पण ती कमी पडली की हाडांची घडण बिघडते. केवळ या कमतरतेमुळे विकार जडला असे क्वचितच घडते; बहुधा दुसऱ्या एखाद्या कारणाला तिची जोड मिळते.

तांब्याचा विचार सर्वाधिक झाला आहे. कोलॅजन या हाडांतील प्रथिनाचे धागे एकमेकांत घट्ट गुंफणारे लायसिल ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तांब्याशिवाय चालत नाही. गुंफण कच्ची राहिली की हाड अंगाचा भार पेलत नाही. मँगॅनीज कूर्चेच्या (सांध्यातील मऊ हाडाच्या) घडणीस लागते, जस्त हाडांच्या वाढीस.

ज्वारी खाण्याचा अशा हाडविकारांशी संबंध मात्र वादाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये हाडांना बाधणाऱ्या फ्लुओराइडयुक्त पाण्याच्या गावांत तरुणांचे गुडघे आत वळल्याचे नोंदवले. त्यांच्या कण्याची हाडे दाट, तर हातापायांची विरळ झालेली होती. अल्कधर्मी जमिनीतली ज्वारी मॉलिब्डेनम जास्त शोषते आणि त्यामुळे तांबे लघवीवाटे निघून जाते, असे स्पष्टीकरण पुढे आले. अन्य अभ्यासक कॅल्शियमच्या अभावाला महत्त्व देतात. ज्वारी मुख्य अन्न नसलेल्या भागांतही फ्लुओराइडने हाडे वाकलेली आढळतात, त्यामुळे कॅल्शियमचे हे मत अधिक ग्राह्य वाटते. ज्वारी-भाकरीवर जगणाऱ्या माणसाच्या ताटाला दोष देण्याआधी त्याच्या बोअरचे पाणी तपासायला हवे.

मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्याच्या काही गावांत भूजलात फ्लुओराइड आढळते. भारतीय मानकानुसार पर्यायी स्रोत नसल्यास लिटरला १.५ मि.ग्रॅ. ही कमाल मर्यादा आहे. येथील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीतून पिकाला जस्त कमी मिळते. शिवाय धान्यातील फायटेट हे संयुग जस्त अडकवून ठेवते. आंबवल्याने फायटेट घटते. लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळ अमावास्येला) ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील मडक्यात भरून शेतात नेतात आणि भज्जीसोबत (मिश्र भाजीसोबत) पितात. या जुन्या रीतीचा पोषणदृष्ट्या असा उपयोग आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी शक्ती’ (२०१८) हे ज्वारीचे वाण लोह व जस्त वाढवण्यासाठी तयार करण्यात आले.